अडतीस दारं आणि एक झोर्की

कानिफनाथ भिमाजी म्हसे हा गृहस्थ माझ्या दुकानात पहिल्यांदा आला, तेव्हाच मी ओळखलं की हा काही घेणार नाही. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक दारातच कळतं. फोटो काढायला आलेला माणूस आधी आरशाकडे जातो, केसांवरून हात फिरवतो. म्हसे आला तो सरळ माझ्या कॅमेऱ्याकडे गेला. कमरेत वाकला, चष्मा कपाळावर सरकवला, भिंगाभोवतीची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाला, "टेसार भिंग आहे होय? जुनं आहे, पण बरं आहे."

माझ्या दुकानात उभं राहून माझ्या कॅमेऱ्याला 'बरं' म्हणणाऱ्या या माणसाने तोपर्यंत आयुष्यात एकही फोटो काढलेला नव्हता. हे मला नंतर कळलं. आश्चर्य वाटलं नाही, चीड मात्र आली.

माझं दुकान नगरला, माळीवाड्यात. 'दया फोटो स्टुडिओ', बायकोच्या नावाने. मी कृपादान भिंगारदिवे, लग्नं, बारशी, परीक्षेच्या फॉर्मवरचे फोटो, कँपातल्या जवानांचे घरी पाठवायचे फोटो, यावर वीस वर्षं घर चालवतोय. मला कॅमेऱ्याची हौस नाही. सुताराला करवतीची हौस असते का?

म्हशाला हौसच हौस. तो कचेरीत कारकून. टेरिलीनचा शर्ट, खिशाला दोन पेनं, केसांना इतकं तेल की कॉलर पिवळी पडलेली. बोलताना एक बोट वर करायची खोड. कचेरीच्या वाचनालयात येणारी इंग्रजी मासिकं तो मधल्या सुट्टीत वाचायचा आणि त्यातलं सगळं संध्याकाळी माझ्या काउंटरवर ओतायचा. मी चेहऱ्यांवरचे डाग काढायला निगेटिव्ह खरडत बसलेला असायचो. मान वर न करता 'हं' म्हणायचो. त्याला तेवढं पुरायचं.

आता त्याच्या गावाचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. राहुरीच्या वरच्या अंगाला मुळाकाठी पिंपळदरा म्हणून अडतीस उंबऱ्यांचं गाव होतं. धरण बांधायला घेतलं होतं आणि गाव पाण्याखाली जाणार हे नक्की झालं होतं. एकोणसत्तर साली गावातला श्रीमंत नावाचा एक वयस्कर माणूस माझ्याकडे आला. डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "सायेब, गाव जानार. मानसं कुटं बी जगत्याल. पर दारं न्हाई दिसायची पुन्ना. परत्येक घराच्या दारात त्या घरची बाई हुबी करायची आन् फोटू काडायचा. जिचं दार तिचा फोटू. अडतीस हुत्याल."

मला ती कल्पना फार आवडली. मी खोटं बोलणार नाही, कामाची आवड होती तशी कमाईचीही होती. पण त्याहून जास्त, असं काम मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी दिवस ठरवला. राहुरीपर्यंत एसटी, पुढे बैलगाडी, पेटीचा कॅमेरा गोधडीत गुंडाळून न्यायचा, सगळं ठरलं.

तीन दिवसांनी म्हसे आला. एक बोट वर.

"भिंगारदिवे, तुम्ही कशाला त्रास घेता? मी गावातलाच माणूस आहे. मीच काढतो सगळ्यांचे."

"कशाने काढणार?"

"घेणार आहे ना कॅमेरा. आणि राग मानू नका, पण तुमच्या पेटीने व्हायचं ते काम नाही. आमचे बोळ अरुंद. रुंद भिंग पाहिजे. म्हाताऱ्यांचे चेहरे जवळून घ्यायचे, त्याला लांबचं भिंग पाहिजे. भिंग बदलता आलं पाहिजे. तसला कॅमेरा घ्यायचा, पण आपल्याला परवडणारा."

गावाने माझं काम रद्द केलं. का नाही करणार? नगरला कचेरीत बसणारा, इंग्रजी वाचणारा एकुलता एक माणूस त्यांचा. त्याने सांगितलं म्हणजे ते बरोबरच असणार. श्रीमंत स्वतः येऊन सांगून गेला, दोन शेर शेंगाही ठेवून गेला. त्या शेंगा मी खाल्ल्या नाहीत. दयाने भाजल्या आणि तिनेच खाल्ल्या.

तिथून म्हशाचं कॅमेरा निवडणं सुरू झालं, आणि ते तीन वर्षं चाललं.

त्याला पाहिजे होता त्या जातीच्या कॅमेऱ्याला रेंजफाइंडर म्हणतात. डोळा लावायची खिडकी निराळी, भिंग निराळं. खिडकीत मधोमध एक पिवळसर चौकट असते. त्या चौकटीत समोरच्या माणसाची एक जास्तीची सावली दिसते. भिंग फिरवत ती सावली माणसावर बरोबर बसवली, की फोटो तीक्ष्ण येतो. बस्स, एवढंच आहे. म्हशाने यावर एक फुलस्केप वही भरली. डावीकडे कॅमेऱ्यांची नावं, उजवीकडे गुणदोष, लाल शाई, निळी शाई. लायका, कॅनन, झोर्की, फेड. या नावांचा त्याने असा काही उच्चार करावा, की जणू सोयरीक जुळवायला बसलाय आणि मुली चार आहेत.

मुलींच्या घरी जाऊनही आला. मुंबईला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या गल्ल्यांत चोरीछुपे आलेला कॅनन बघितला. हातात घेतला, खिडकीतून बघितलं, परत दिला. "पावती देत नाही," म्हणाला. चोरट्या मालाची पावती मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक असावं त्या गल्लीत.

मग आमच्या मिशनच्या बंगल्यातली मडम अमेरिकेला परत निघाली. तिच्याकडे लायका होता. तो कॅमेरा मला चांगला माहीत होता, कारण दोन वर्षांपूर्वी तो दुरुस्तीला माझ्याकडेच आला होता. मडमने तो भर उन्हात गवतावर उताणा ठेवला होता, भिंगावर टोपण न घालता. या कॅमेऱ्यांचा आतला पडदा कापडाचा असतो. भिंगातून ऊन त्याच्यावर पडलं, की आपण लहानपणी भिंगाने कागद जाळायचो तसं होतं. पडद्याला टाचणीएवढं भोक पडलं होतं आणि तिच्या प्रत्येक फोटोत एक पांढरा ठिपका यायचा. मी पडदा बदलून दिला होता. ती बिचारी कॅमेरा जवळजवळ फुकटच देत होती. म्हसे तीनदा जाऊन बघून आला. "विचार करून सांगतो," म्हणाला. विचार पूर्ण होईपर्यंत मडम न्यूयॉर्कला पोचली होती आणि कॅमेरा एका डॉक्टरने घेतला होता.

"बरं झालं," म्हसे म्हणाला, "एकदा पडदा बदललेला. वहीत तसं लिहिलंच होतं मी."

इकडे पिंपळदऱ्यात माणसं वाट बघत होती. अडतीस बायकांनी एकेक लुगडं बाजूला काढून ठेवलं होतं फोटोसाठी. त्यातली आक्काबाई सत्तर सालच्या थंडीत वारली. ही बातमी म्हशानेच मला सांगितली, आणि पाठोपाठ विचारलं, "पस्तीस मिलिमीटरचं रुंद भिंग रशियन चांगलं की जपानी?"

मी खरडणी खाली ठेवली. "म्हसे, हा माझा साधा आगफा क्लिक कॅमेरा घेऊन जा. आत्ता. रोल मी भरून देतो. रविवारी गावात जा आणि सगळे काढून या."

त्याने त्या कॅमेऱ्याकडे बघितलं. "डबा आहे हो तो, भिंगारदिवे. गाव एकदाच बुडणार आहे."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. एका परीने बरोबर होतं ते, म्हणूनच जास्त झोंबलं. गाव एकदाच बुडणार, हे याला कळत होतं, आणि तरी हा वहीत रेघा मारत बसला होता. अशा माणसाला काय म्हणायचं? मी त्या दिवसापासून त्याला मनातल्या मनात 'विचार करून सांगतो' म्हणायला लागलो. दयालाही सांगितलं. "अहो, आला बघा तुमचा विचार करून सांगतो," असं ती आतून म्हणायची, आणि आम्ही दोघं हसायचो.

बहात्तर साल उजाडलं. जूनच्या आत गाव खाली करा अशी नोटीस निघाली. वरच्या माळावर जागा आखून दिली होती. लोक तिकडे जाताना घरं मोडूनच नेणार होते. पत्रे, तुळया आणि दाराच्या चौकटी. जुन्या सागवानी चौकटी कोण पाण्यात सोडणार? म्हणजे दारं बुडायच्या आधीच उखडली जाणार होती, आणि मे महिना संपायच्या आत फोटो निघाले नाहीत तर ते कधीच निघणार नव्हते. श्रीमंत पुन्हा माझ्याकडे आला. यावेळी पटका काढला नाही, उभ्या उभ्याच म्हणाला, "कानिफला इचारतो एकदा. न्हाई म्हनला तर तुमी याच." मी पेटीचा कॅमेरा पुसून ठेवला. मला वाटलं, आता तरी काम माझ्याकडे येणार.

नाही आलं. मेच्या मध्यावर, ऐन दुपारी, म्हसे दुकानासमोर सायकलवरून उतरला. गळ्यात कॅमेरा.

झोर्की होता. नाशिककडे ओझरला मिग विमानांचा कारखाना आहे, तिथे रशियन इंजिनियर होते. त्यातला एक घरी निघाला होता, त्याच्याकडून घेतला. सोबत एकच भिंग, मधलं, साधं. रुंद नाही, लांब नाही. भिंग बदलता आलं पाहिजे म्हणून तीन वर्षं घातलेल्या माणसाकडे बदलायला दुसरं भिंगच नव्हतं!

"बाकीची मिळतील नंतर," म्हणाला.

कॅमेऱ्याच्या कपाळावर हळदकुंकू लावलेलं होतं. त्याच्या आईने लावलं होतं. कडूबाई तिचं नाव. तिने कॅमेरा आधी देव्हाऱ्यात ठेवला होता, नारळ फोडला होता. आणि बजावलं होतं, की याला पालथा ठेवायचा नाही. देव कोणी तोंडावर पालथा ठेवतं का? झोर्कीचं भिंग जड, नुसता टेकवला की तो पुढे कलंडतो. म्हणून म्हसे तो पाठीवर ठेवायचा, उताणा, भिंग आभाळाकडे. आणि टोपण शर्टाच्या खिशात. देवाचं तोंड कोणी झाकून ठेवतं का?

समोरच्या टपरीवर आम्ही चहाला बसलो. बाकडं सावलीत होतं. त्याच्या पलीकडे एक स्टूल होतं, ते उन्हात. म्हशाने मला सगळं करून दाखवलं. "आधी किल्ली द्यायची, मग वेग लावायचा. उलट केलं तर आतलं यंत्र बिघडतं. लोकांना माहीत नसतं हे." किल्ली दिली, वेग लावला, भिंग सगळ्यात लांबच्या खुणेवर फिरवलं. मग स्टुलावर रुमाल अंथरला आणि देव त्याच्यावर उताणा निजवला.

मेच्या मध्यावर नगरला बाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर असतो. माणसाची सावली पायाखाली जाते. मी भिंगात बघितलं. त्यात सूर्य दिसत होता.

मी सांगू शकलो असतो. दोन शब्दांचं काम होतं, 'टोपण घाला'. माझ्या तोंडाशी आलेही होते ते शब्द. तेवढ्यात म्हसे बोट वर करून म्हणाला, "बघा, भिंगारदिवे. घाई केली असती, तर तुमच्यासारखी पेटी वागवत बसलो असतो. निवडायला अक्कल लागते."

मी टपरीवाल्याला हाक मारली. "अजून दोन अर्धे आण रे."

दुसरा चहा मला नको होता. उकाड्याने जीव चालला होता. पण मी तो बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश प्यायलो. म्हसे मला झेकोस्लोव्हाकियातल्या काचेबद्दल सांगत होता. पहिल्या चहाला पडद्याला टाचणीएवढं भोक पडलं असणार. दुसऱ्या चहाला सूर्य थोडा सरकला, आणि ते ज्वारीच्या दाण्याएवढं झालं. आवाज होत नाही, धूर दिसत नाही. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "छान आहे कॅमेरा. अभिनंदन."

तो खूश झाला. मी त्याचं पहिल्यांदाच कौतुक केलं होतं.

दोन रविवारांत त्याने सगळे फोटो काढले. कसे काढले ते मी बघायला नव्हतो, पण निगेटिव्ह सगळं सांगतात. प्रत्येक बाई त्याने दारात उभी केली. किल्ली दिली, आणि मग विचार करायला लागला. डावीकडे सरका, उजवीकडे सरका, पदर नीट घ्या. एकेका फोटोला पाच-पाच मिनिटं. दुसऱ्या कोणी पटकन काढून मोकळं केलं असतं, तर ठिपका पुसट आला असता, बारीक नजरेलाच दिसला असता. पण म्हसे विचार करत होता तोपर्यंत त्या भोकातून ऊन आत फिल्मवर पडत होतं. आणि सावली बसवायची पिवळी चौकट खिडकीत मधोमध. ती त्याने दरवेळी बाईच्या चेहऱ्यावर बसवली आणि तशीच ठेवून खटका दाबला. म्हणजे चेहरा फोटोच्या बरोबर मध्ये. सूर्य डोक्यावर असताना जळलेलं भोक, तेही मध्येच.

ओर्वो कंपनीचे ते रोल त्याने माझ्याकडेच धुवायला आणले. दुसरीकडे कुठे नेणार? मी अंधाऱ्या खोलीत ते धुतले, पाण्यातून काढले आणि लाल दिव्यापुढे धरले. सदतीस फोटो, आक्काबाई गेली म्हणून एक कमी. नाही, अडतीसच होते. आक्काबाईचं रिकामं दारही त्याने काढलं होतं. तेवढं एक मात्र त्याला सुचलं, आणि त्यासाठी मी त्याला मानतो. सदतीस बायका, आणि प्रत्येकीच्या चेहऱ्याच्या जागी एक काळा वाटोळा डाग. छापला की तो पांढरा होणार. रिकाम्या दाराच्या मधोमधही तसाच डाग होता.

मला वाटलं होतं, हसू येईल. तीन वर्षं मी या हसण्याची वाट बघत होतो. मी चिमटे लावून रोल वाळत घातले आणि बाहेर येऊन पाणी प्यायलो. दयाने विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही. विचार करून सांगतो." तीही नाही हसली.

म्हसे आला तो आईला घेऊनच आला. कडूबाई तोपर्यंत माळावर राहायला गेली होती. गावातल्या सगळ्या चौकटी आठवड्याभरात उखडल्या होत्या आणि कापून नव्या छपरांच्या कामाला लागल्या होत्या. परत जाऊन काढू म्हणायची सोय राहिली नव्हती. मी फोटो काउंटरवर मांडले. म्हशाने पहिला उचलला, दुसरा उचलला, मग भराभर सगळे. बोट वर झालं नाही. चष्मा काढला आणि शर्टाला पुसत बसला. किती वेळ पुसत होता कोण जाणे.

"काय झालं हे?" तो म्हणाला.

मी त्याच्या गळ्यातला कॅमेरा घेतला, उघडून पडदा बघितला आणि म्हणालो, "पडद्याला भोक आहे. रशियन माल."

"म्हणजे निवडतानाच चुकलो."

मी काही बोललो नाही. खोटंही बोललो नाही, हे मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

कडूबाईने स्वतःचा फोटो मागून घेतला. डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला, मग दुकानाच्या दारात उजेडाला नेला. चेहऱ्याच्या जागी पांढरा रुपया. म्हशाने चेहरा मध्ये ठेवल्यामुळे खाली पाय कापले गेले होते आणि वर नुसतं घरच घर आलं होतं. अख्खी चौकट, वरची पट्टी, तिच्यावरचा कोनाडा, पत्र्याची कड.

"आगं बया," ती म्हणाली, "ह्यो नाल आलाय की! तुज्या आज्यानं ठोकल्याला. आन् ही खाच बघ, कानिफ. तू लहान हुतास तवा कोयत्यानं केल्ती. लई मार खाल्ल्ता तवा."

"आई, तुझं तोंड नाही आलं," म्हसे म्हणाला.

"न्हाई तर न्हाई. म्हसोबाला तरी कुटं तोंड हाय? शेंदराचा धोंडाच की." तिने फोटो पदराने पुसला. "माजं तोंड माज्यापाशी हाय रं. दार न्हवतं ऱ्हानार."

मी घाईने मधे तोंड घातलं. म्हटलं, आजी, मी हाताने चेहरे रंगवून देतो, सगळ्यांचे, माझ्याकडून. निगेटिव्हवर डोळे, नाक काढायची कला आहे माझ्या हातात. मी ते खरंच करायला तयार होतो, एक पैसा न घेता, रात्रंदिवस बसून. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "नगं दादा. तुमी आमाला कवा बघितलंय?"

खरंच होतं. मी त्या गावात एकदाही गेलो नव्हतो. त्यातल्या एकीचाही चेहरा मला माहीत नव्हता, तिचा सोडून.

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. सगळ्या जिल्ह्यात दुष्काळ पडला, माणसं खडी फोडायला गेली, आणि धरणात पाणी येईना. पिंपळदरा वर्षभर कोरडाच राहिला. नुसत्या भिंती, त्यांना दारांच्या जागी भोकं. मी पुढच्या उन्हाळ्यात मुद्दाम जाऊन बघून आलो. तिथून वर माळावर गेलो. अडतीस घरांत अडतीस फोटो, काचेत मढवून, आत शिरताच समोर. आलेल्या माणसाला बायका फोटो दाखवायच्या, त्यातल्या दारावर बोट ठेवून. ही कडी, ही वरची पट्टी, हा कोनाडा. चेहऱ्याबद्दल कोणी बोललं नाही. आक्काबाईच्या रिकाम्या दारातल्या पांढऱ्या डागावर तिच्या सुनेने कुंकू लावलं होतं. "सासूबाई हायेत त्या," ती मला म्हणाली, अगदी सहज.

म्हशाला गावात कोणी दोष दिला नाही. उलट मान वाढला. लोक म्हणायचे, कानिफनं दारं राखली. त्याला मात्र ते ऐकवायचं नाही. तो तिथून उठून जायचा.

झोर्की त्याने माझ्याकडेच आणून टाकला. "ठेवा तुमच्याकडे. मला बघवत नाही तो." मी दोन महिने हात लावला नाही. मग एका दुपारी उघडला, पडदा काढला, रबरी कापडाचा नवा पडदा बसवला आणि एक रोल काढून बघितला. इतके तीक्ष्ण फोटो माझ्या पेटीने वीस वर्षांत दिले नाहीत. पापण्यांचे केस मोजता यावेत. आता लग्नाला मी तोच नेतो. टोपण घालून ठेवतो. दुसरं भिंग कधी लागलं नाही.

म्हणजे तीन वर्षं रेघा मारून त्या मूर्खाने बरोबर निवडलं होतं.

हे त्याला सांगायचं म्हटलं, तर दुसऱ्या चहाचंही सांगावं लागेल. मला लाज वाटते, हे मी लपवत नाही. पण तो समोर आला, ते तेलकट केस आणि दोन पेनं दिसली, की लाजेच्या आधी मला त्याची चीड येते, आणि तोपर्यंत वेळ निघून जाते. वर्षानुवर्षं माणसाला हिणवायची सवय लागली, की ती अशी सुटत नाही.

अजूनही तो येतो. दर महिन्याला, पगार झाला की. फोटो काढायचं त्याने सोडलं, वही नाही सोडली. काउंटरवर कोपर टेकवतो. माझ्या डोक्यामागे खिळ्याला झोर्की लटकत असतो, त्याच्याकडे तो बघत नाही.

परवाही आला होता. आल्या आल्या वही उघडली.

"भिंगारदिवे, एकदा शेवटचं खरं सांगा. तुमचा अनुभव मोठा. मी तेव्हा कोणता घ्यायला पाहिजे होता?"

मी खरडणी खाली ठेवली. त्याच्याकडे बघितलं.

"कॅनन," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, खिशातलं लाल पेन काढलं आणि वहीत लिहून घेतलं.